शेंदराची खोळ

वैशाखातल्या एका भरदुपारी आमच्या पारावरच्या मारुतीनं खोळ टाकली. ज्यांनी हे कधी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. दर शनिवारी देवाला तेलात कालवलेला शेंदूर लावतात. जुना कोणी खरडत नाही, त्याच्यावरच नवा चढतो. थरावर थर चढून देव फुगतो, नाक-तोंड बुजतं, मग बाजारातून चांदीचे डोळे आणून चिकटवावे लागतात. आणि कित्येक वर्षांनी, एखाद्या उन्हाळ्यात, ती सगळी खोळ तडकते आणि सापानं कात टाकावी तशी गळून पडते.

आत निघाला हातभर उंचीचा काळा, तेलकट मारुती. बाहेर पडला दोन पोत्यांचा ढीग. तुटल्या जागी थर दिसत होते, चिरलेल्या कांद्यासारखे, आणि खवट तेलाचा वास सुटला होता. बायका लांबून हात जोडत होत्या. कोणीतरी नारळ फोडला. पाराचा कारभार आमच्या शेजारणीच्या मोठ्या पोराकडे आहे. एष्टीत कंडक्टर होता, आता रिटायर झाला. तो म्हणाला, "शनवारी वाजतगाजत विहिरीत सोडू. देवानं टाकलं थे पान्यातच गेलं पाह्यजे."

मी ढिगाजवळ उभा होतो. घरी आलो आणि मोरीत ओकलो.

विहीर पाराच्या मागंच आहे. आमचं गाव नांदगाव खंडेश्वरच्या अलीकडे. नळ आठव्या-नवव्या दिवशी येतो, तोही तासभर. उन्हाळ्यात अर्धं गाव त्या विहिरीचं पितं. आणि त्या ढिगातले वरचे चाळीस वर्षांचे थर माझ्या घरून गेलेले होते. त्या शेंदरानं माझी बुढी, माझी बायको, नेली. हे गावात मी कोणाला सांगितलं नव्हतं. सांगायचं तर तिच्याबद्दलची एक गोष्ट उघडी करावी लागणार होती, आणि ती कधी बोलायची नाही अशी तिनं मला शपथ घातली होती.

शनिवारला चार दिवस होते.

मी रंगारी. चौथी शिकलो. बोलतो वऱ्हाडी आणि लिहितो बोर्डावरचं मराठी, कारण जन्मभर दुकानांचे बोर्डच लिहिले. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, शाळेच्या भिंती, लोखंडी ग्रिल, सगळं रंगवलं. काम अमरावतीला एका उस्तादाकडे शिकलो. उस्ताद रंगाची परीक्षा दातानं करायचा. गेरू, पिवडी, खडू काहीही वाटलं की चिमूट उचलायची आणि पुढच्या दातात धरायची. करकर वाजली तर अजून वाटायचं. "हात फसवते, दात नाई फसवत," म्हणायचा. गेरू म्हणजे मातीच. थुंकलं की संपलं.

लोखंडाला गंज धरू नये म्हणून रंगाच्या आधी शेंदराचा एक हात द्यायचो. तो रंगाच्या दुकानातला शेंदूर, जड. मूठभर घेतला तरी हात खाली जायचा. कामातून उरला की डब्यात भरून घरी आणायचो. पूजेच्या दुकानातल्या पुडीत विटांचा भुगा, खडू, कसकसले रंग. तो दोन शनिवारात फिका पडायचा. माझा वर्षभर तसाच, पळसाच्या फुलासारखा. म्हणून पारावरच्या मारुतीचा शेंदूर करायचा मान माझ्या घरी आला. मी त्या मानानं फुगलो होतो, देवापेक्षा जास्त. भेसळीच्या पुड्या आणणारी बाकीची गावं वाचली असतील. मी अस्सल आणला आणि घर नासवलं.

मारुतीला बाईचा हात चालत नाही. तेव्हा गावाच्या हिशेबानं शेंदूर वाटायचा मी, कालवायचा मी, लावायचा मी. पण शुक्रवारी सांजच्याला मी शिडीवरून उतरून सायकल रेटत घरी यायचो तेव्हा टोंगळे, म्हणजे गुडघे, भरून आलेले असायचे. पहिल्याच महिन्यात बुढी म्हणाली (तेव्हा बुढी कुठची, वीस वर्षांची पोरगी होती), "द्या इकडे. दरवाजा लावून घेतो." आणि तिनं पाट्यावर शेंदूर घेतला. घरात पाटा एकच. चटणीही त्यावरच. वाटून झाल्यावर राखेनं तीनदा घासायची.

"बारीक झाला का कसं समजते?" तिनं विचारलं.

"दाताखाली पाह्य," मी म्हणालो. खाटेवर पडल्या पडल्या म्हणालो.

तिनं पाहिलं. "मातीवानी लागते," म्हणाली आणि थुंकली. पुढं चाळीस वर्षं दर शुक्रवारी पाहिलं. त्याच हातानं भाकर थापली, त्याच हातानं घास घेतला. शनिवारी सकाळी मी अंघोळ करून, वाटी आणि फडकं घेऊन पारावर जायचो आणि बोर्ड रंगवावा तसा देवाच्या अंगावर हात फिरवायचो. लोक माझ्या पाया पडायचे.

तिनं मला शपथ घातली होती ती हीच. "गावात बोलू नोका. बायका म्हनतीन, हिनं देव बाटवला." आणि एकदा, भांडण झालं होतं कशावरून तरी, तेव्हा म्हणाली, "मले देवाजवळ जाता येत नाई. पन थो माह्या हातचं अंगावर घालते. तुमच्या हातचं नाई." तेव्हा मी तोंड वाकडं केलं होतं. आता ते वाक्य जेवतानाही आठवतं.

दुखणं एकदम आलं नाही. आधी पोटात पीळ पडायचा. आम्ही वायगोळा समजलो. ओवा झाला, हिंग झाला, पोट चोळणारी आणली. मग हिरडीवर काळी-निळी रेघ आली, आम्ही म्हटलं मिस्रीची असेल. मग मनगटं गेली. हात उचलला की पंजा खाली लोंबायचा, वाळलेल्या फांदीसारखा. भाकर थापता येईना. आणि गळा गेला. बुढी गावात हळदीची गाणी म्हणायची. हिच्याशिवाय हळद लागत नसे. तो गळा फाटका झाला. एका लग्नात शेजारीण, म्हणजे त्या कंडक्टरची माय, मांडवात सगळ्यांसमोर म्हणाली, "कावं, कोनं शेंदूर चारला व तुले?"

सगळा मांडव हसला. बुढीही हसली. मीही हसलो.

आमच्याकडे हे बोलणं जुनं आहे. गाणाऱ्याचा गळा घालवायचा तर त्याला शेंदूर चारायचा. शेंदूर खाल्ला की माणूस बिघडतो, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. बोलायला ठाऊक होतं. शुक्रवारी दरवाजा लावून वाटताना कोणाला आठवलं नाही.

अमरावतीला मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई तरुण होती. तिनं बुढीचा ओठ उचलून हिरडी पाहिली आणि मला विचारलं, "काका, तुम्ही काय काम करता?" रक्त बाहेरगावी तपासायला गेलं. शिसं निघालं, पुष्कळ. मग माझंही रक्त घेतलं, त्यात थोडंसंच. बाई बुचकळ्यात पडली. "पेंटर तुम्ही, आणि शिसं ह्यांच्यात कसं?" बुढी खाटेवरून माझ्याकडे पाहत होती. मी गप्प बसलो. दोन दिवस गप्प बसलो. तिसऱ्या दिवशी बाईच्या मागं व्हरांड्यात गेलो आणि पाट्याचं, दाताचं सगळं सांगितलं.

"शेंदूर म्हणजे शिसंच हो, काका," ती म्हणाली. "हाताला लागल्यानं एवढं होत नाही. पोटात गेलं ना ते."

तोवर किडन्या संपल्या होत्या. कार्तिकात बुढी गेली.

तेरवीला, तेराव्या दिवशी, शेजारणीनं माझ्या लेकीजवळ बुढीचा पाटा मागितला, आठवण म्हणून. "तिच्या चटनीची चव त्याच्यातच हाय वं," म्हणाली. लेकीला पाट्याचं काही ठाऊक नव्हतं. तिनं दिला. मी अंगणात बसलो होतो. शेजारणीच्या पोरानं तो खांद्यावर घेतला आणि माझ्या समोरून नेला. मी पाहिलं आणि तोंड उघडलं नाही. उघडलं असतं तर सगळंच सांगावं लागलं असतं. मी ह्याला शपथ म्हणत होतो. ती लाज होती, माझी स्वतःची, आणि तिचा मला आजही वास येतो.

लेक अकोल्याला शाळेत शिकवते. मला घेऊन गेली. तिथं मला करायला काही नव्हतं. डोक्यात एकच गोष्ट घुमत होती. शिसं होतं तर त्याला शिसं का म्हटलं नाही कोणी? डब्यावर शिसं लिहिलं असतं तर माझ्यासारखा चौथी पासही दोनदा थांबला असता. शिसं आम्हाला ठाऊक होतं. छर्रे शिशाचे, मासोळीच्या जाळ्याचे मणी शिशाचे. कानात शिसं ओतल्यावानी बोलतो, असं आम्ही वाईट बोलणाऱ्याला म्हणतो. ते कोणी दातात धरलं नसतं.

लेकीनं शाळेतून जाडजूड कोश आणला. संस्कृतात सिंदूर, त्याचा आमच्या तोंडी शेंदूर झाला. ते ठीक. मग तिनं शेंदराची जुनी नावं वाचली. नागज. नागसंभव.

"म्हंजे नागापासून झालेला?" मी विचारलं. "सापाच्या?"

"नाग म्हणजे शिसंसुद्धा, बाबा. वैद्य लोक शिशाला नागच म्हणतात."

त्यामागं गोष्टही आहे म्हणे. वासुकी नाग एका सुंदर मुलीला पाहून चळला, आणि जे सांडलं त्याचं शिसं झालं. लेक हे सांगताना खाली पाहत होती. बापासमोर कसं बोलायचं म्हणून. मला शरम वाटली नाही, घीन आली. ज्या देवाला बाईचा हात चालत नाही, त्याच्या अंगावर आम्ही हे फासत होतो. आणि ज्यानं कोणी नागसंभव हे नाव दिलं त्याला ते कशापासून होतं हे पक्कं माहीत होतं. ते पोथीत राहिलं. रंगाच्या डब्यावर आलं नाही.

मी विचारलं, "शिसारी येते म्हनतो आपन, थे बी शिशावरूनच का?"

तिनं पानं उलटली. "नाही बाबा. तसं काही दिलेलं नाही."

"लिवाले पाह्यजे होतं," मी म्हणालो.

अकोल्याच्या जुन्या बाजारात एक अत्तार आहे. जडीबुटीचं दुकान, बापाच्या वेळचं. जवान होतो तेव्हा त्याच्याकडून मुडदाशिंग न्यायचो. पिवळट, चकाकणारा खडा असतो. खाजेच्या मलमात जातो. गावात दंडार, सोंगांचं नाटक, व्हायची तेव्हा राजाराणीच्या तोंडाला तो उगाळून त्यात सफेदा मिसळून थापायचो. मी स्वतः दोन साल राणी झालो होतो. तोंड गोरं दिसायचं आणि रात्रभर आग व्हायची.

अत्तारचाचा आता माझ्याइतकाच म्हातारा. ओळखलं.

"काहून भाऊ, पुन्हा खाज सुटली का?"

"नाई चाचा. मुडदाशिंग म्हंजे काय, थे इचाराले आलो."

"शब्द इचाराले? बुढापनात इस्कूलात नाव टाकलं वाटते."

मी हसलो नाही तेव्हा त्यानं तराजू बाजूला केला. "फारसी हाय ते. असल बोल मुर्दारसंग. संग म्हंजे पत्थर. मुर्दार म्हंजे मेलेलं, सडेलं, जे खानं हराम ते. तुमच्या तोंडात जाऊन त्याचं मुडदाशिंग झालं."

"आन थे तुमी पुडीत बांधून लोकाइले देल्लं."

"अब्बानं देल्लं, मी बी देल्लं. मलमासाठी." त्यानं पुड्यांचे कागद सरळ केले. "नावातच सांगेल होतं भाऊ, मुर्दार हाय म्हनून. मी फारसी जानतो. तरी मले कधी ऐकू नाई आलं."

"सफेदा?"

"सफेद, पांढरा. बस, तेवढंच. शिशाचे पत्रे सिरक्यावर, आंबट पान्यावर, टांगत, वरून घोड्याची लीद टाकत, सडू देत. त्याच्यावर जो पांढरा भुगा धरते, तो सफेदा. तो भाजा का शेंदूर होते. मुडदाशिंग भाजा, शेंदूर होते. एकाच मायचे लेकरं हायेत सारे."

मी उठलो. लिदीत सडवलेल्या शिशाला सफेदा म्हणायचं. शब्द ऐकला की धुतलेलं धोतर डोळ्यापुढं येतं. मी उस्तादाच्या हाताखाली होतो तेव्हा सफेद्याचे डबे हातानं ढवळले आणि बोर्डांवर ठसठशीत पांढऱ्या अक्षरांत 'शुद्ध तूप', 'ताजी मिठाई' लिहिलं. ह्या सगळ्या गोतावळ्यात खरं नाव एकाचंच, मुर्दार. तेही आम्ही आमच्या जिभेच्या सोयीनं असं वाकवलं की ते कोण्या बैलाचं शिंग वाटावं. चाचा मागून म्हणाला, "चाय तं घे." मी पायरी उतरलो होतो.

चैत्रात गावी परत आलो. वैशाखात मारुतीनं खोळ टाकली.

त्या चार दिवसांत मी लेकीला फोन केला. ती म्हणाली, "बाबा, विहिरीत बिलकूल जाऊ देऊ नका. बंद डब्यात ठेवा आणि ग्रामपंचायतीत सांगा. मी येऊ का?"

"नोको येऊ."

मग तिला पाट्याचं सांगितलं. सगळं. ती एवढंच म्हणाली, "पाटा मी दिला काकूला."

"मी पाहून राह्यलो होतो तू देत होती तवा."

"आईची शपथ आईसोबत गेली, बाबा."

"शपथ जाते म्हनून तुले कोनं सांगितलं?" मी फोन ठेवला. पण त्या रात्री पडून विचार केला तेव्हा शेजारणीच्या स्वयंपाकघरातला पाटाच दिसत राहिला.

शनिवारी सकाळी डफडं आलं. पोती बांधून पारावर ठेवली होती, वर हार. मी जाऊन पोत्यांच्या आणि विहिरीच्या मधात उभा राहिलो.

"पेंटरकाका, बाजूले व्हा," कंडक्टर म्हणाला. "तुमचा नारळ पह्यला फोडू, मान तुमचाच हाय."

"हे विहिरीत जानार नाई."

"काहून?"

"शिसं हाय थे. जहर हाय."

डफडं थांबलं. कंडक्टर हसला, वाईट नाही, एष्टीत म्हाताऱ्याला सांभाळून घ्यायचा तसा. "आनत कोन होतं?"

"मी."

"वाटत कोन होतं? कालवत? चाळीस वरसं तुमी हात घातला शेंदरात. आज पंचाहत्तरीचे खांबावानी उभे हा. जहर असतं तं तुमाले पह्यलं लागतं का नाई? सांगा."

लोक हसले. मागून एक जण म्हणाला, "बुढी गेली तसं काकाचं टक्कुरं फिरलं राजेहो." दुसरा म्हणाला, "अकोल्याची हवा लागली." आणि कंडक्टरचं बरोबर होतं. त्याच्या बोलण्यात चूक नव्हती. गावाला जे ठाऊक होतं त्यावरून मी निरोगी साक्षीदार होतो. मी जिवंत आहे हाच शेंदराचा पुरावा होता. आता मी बाजूला झालो असतो तर पोती पाण्यात गेली असती आणि बुढीचं नाव झाकलेलं राहिलं असतं.

बायका चिंचेखाली उभ्या होत्या. शेजारीण पुढं होती, काठी टेकून.

"मी नाई वाटला," मी म्हणालो. "एक दिवस बी नाई. तिनं वाटला. दरवाजा लावून. आमच्या चटनीच्या पाट्यावर. बारीक झाला का नाई थे दातानं पाहाले मी शिकवलं तिले. दर शुक्करवारी तिनं दातात धरला. डॉक्टरनं रक्त पाह्यलं, शिसं निंगालं. तिची मनगटं गेली, गळा गेला, मंग थे गेली. मी फकस्त फडक्यानं वरून लावला. म्हनून मी उभा हाव."

मग कंडक्टरचा चेहरा बदलला, पण मला वाटलं होतं तसा नाही. "म्हंजे काका," तो हळूच म्हणाला, "चाळीस वरसं देवाले बाईच्या हातचा..."

"हो."

"आन तुमी आमाले पाया पडू देल्लं."

"हो."

हेच बुढीला नको होतं. मी मान खाली घातली. गर्दीत कुजबुज चालू झाली आणि मला 'बाटला' हा शब्द ऐकू आला, एकदा, मग दुसऱ्यांदा.

शेजारीण चिंचेखालून निघाली. काठी टेकत पाराच्या पायरीपर्यंत आली. पायरी चढली नाही.

"शेवटचे दोन वरसं मी वाटला," ती म्हणाली.

तिच्या पोरानं वळून पाहिलं. "माय?"

"तिची मनगटं लुळी झाली व्हती ना. शुक्करवारी मी जावो तिच्या घरी. थे बाजूले बसून सांगे, मी वाटो. दातानं बी पाह्यलं, तिनं सांगितलं तसं." तिनं काठीवरचा हात उचलून पोरासमोर धरला. पंजा थरथरत होता. "हे म्हातारपन हाय म्हनून तू तेल चोयून देतं मले. आता इचार, देव बाटला का. मले इचार."

हे मला ठाऊक नव्हतं. माझ्याच घरात, माझ्याच दरवाज्याआड, दोन वर्षं. मी तेव्हाही शुक्रवारी खाटेवरच पडलेला असायचो, ओसरीवर. शेजारीण आत जाताना दिसायची, पण लुळ्या हातांच्या घरात वाटतं कोण, हे मी कधी विचारलं नाही.

कंडक्टर पाराच्या काठावर बसला. मग त्यानं डफडेवाल्यांना हात केला, जा म्हणून. पोत्यावरचा हार काढला आणि कुठं ठेवावा ते न कळून हातातच धरून बसला.

पोती विहिरीत गेली नाहीत. माझ्याकडे रंगाचा मोठा पत्र्याचा ड्रम होता, झाकणाचा. त्यात आम्ही दोघांनी, तोंडाला ओली फडकी बांधून, पोती उतरवली. तो म्हणाला, "काका, वरून काही लिवा. कोनी उघडन." एक जण म्हणाला, "लिवा, मारोतीचा शेंदूर." मी ब्रश घेतला. इतकी वर्षं लोकांनी सांगितलं ते लिहिलं. काळ्या रंगात, जाड अक्षरात, 'शिसं' लिहिलं. खाली, 'हात लावू नका'. ग्रामपंचायत म्हणते तालुक्याला विचारू. विचारत आहेत. ड्रम माझ्या मागच्या खोलीत आहे.

कंडक्टर मायला अमरावतीला घेऊन गेला, त्याच दवाखान्यात. रक्त दिलंय. उत्तर यायचं आहे. मारुती सध्या नुसत्या तेलाचा आहे. काही लोकांना तो आवडत नाही, काळा दिसतो म्हणतात.

त्याच शनिवारी सांजच्याला मी शेजारणीकडे गेलो. ती चुलीजवळ बसली होती. पाटा भिंतीला टेकून उभा होता.

"पाटा द्या," मी म्हणालो.

"देल्लं थे कोनी वापस मांगते का?"

"तेरवीच्या दिवशी सांगाले पाह्यजे होतं मी. तुमचं पोरगं माह्या समोरून घेऊन गेलं. मले माहीत होतं. मी बोललो नाई."

मला वाटलं, आता शिवी देईल. तिला हक्क होता. ती म्हणाली, "रोज चटनी वाटली मी त्याच्यावर. चव तिचीच येये."

"हो."

"घेऊन जा तं."

मी पाटा उचलून आणला. खोलीत जाऊन ड्रमचं झाकण काढलं आणि तो पोत्यांवर ठेवला. काठाशी सकाळच्या चटणीचं एक बोट राहून गेलं होतं, लाल, लसणाचं. मी ते पुसलं नाही. झाकण ठोकून बसवलं आणि मोरीवर जाऊन साबणानं हात धुतले, दोनदा.